पुण्याहून थेट लंडन का नाही? नव्या रूटसाठी एअरलाइन विमान कसं निवडते

इंडिगोनं मुंबई-अथेन्स थेट फ्लाइट जाहीर केली, तीही मध्ये एकच पॅसेज असलेल्या छोट्या एअरबसनं, आणि लगेच पुणेकरांचा ठरलेला प्रश्न आला की हे एवढंसं विमान ग्रीसला जातं तर आमच्या लोहगावहून लंडनला का नाही. प्रश्न रास्त आहे. पुण्यात जर्मन कंपन्या आहेत, आयटी आहे, निम्म्या सोसायटीची पोरं परदेशात शिकतायत, तरी युरोपला जायचं म्हटलं की कॅब करून एक्सप्रेसवेनं मुंबई गाठायची आणि घाटात ट्रॅफिक लागू नये म्हणून देवाचं नाव घेत बसायचं. यावर सहसा ‘राजकारण्यांना पडलेलीच नाही’ एवढंच उत्तर मिळतं. ते थोडंफार खरं असेलही, पण एअरलाइनच्या ऑफिसात रूट ठरतो तो वजनाच्या हिशोबावर, आणि त्या हिशोबात पुणे कुठं अडकतं ते बघण्यासारखं आहे.

कागदावर तर पोचतं की!

हो, पोचतं. या नव्या विमानाचं नाव ए३२१एक्सएलआर, आणि एअरबस त्याची रेंज, म्हणजे एका दमात जायचं अंतर, ८,७०० किलोमीटर सांगते. मुंबई-अथेन्स सरळ रेषेत साधारण ५,१५० किमी आहे आणि पुणे-लंडन ७,३०० च्या आसपास. म्हणजे कागदावर लंडनही बसतंय आणि वर हजारभर किलोमीटर शिल्लकही राहतायत.

गोम अशी आहे की विमानाला टेकऑफच्या वेळी किती वजन चालेल याची एक वरची मर्यादा असते, एक्सएलआरची १०१ टन. त्या १०१ टनात विमानाचं स्वतःचं वजन आलं, इंधन आलं आणि पेलोड आला. पेलोड म्हणजे ज्याचे पैसे मिळतात ते वजन, माणसं, त्यांच्या बॅगा आणि खालचा कार्गो. मर्यादा हलत नाही, त्यामुळे लांब जायचं म्हणून इंधन वाढवलं की कुठंतरी पेलोड कमी करावा लागतो.

आणि इंधन वाढवणं हे राजगडाच्या ट्रेकला पाणी नेण्यासारखं आहे. चढ मोठा म्हणून दोन बाटल्या जास्त घेतल्या की सॅक जड होते, सॅक जड झाली की दम जास्त लागतो, दम लागला की तहान लागते, मग त्या जादा पाण्यातलं थोडं पाणी ते पाणी वाहण्यापायीच संपतं. विमानात ढोबळ हिशोब असा धरतात की जादा घेतलेल्या इंधनातलं तासाला तीन-चार टक्के ते नुसतं वाहून नेण्यातच जळतं, आणि दहा तासांच्या फ्लाइटला ही गळती चांगलीच टोचते. शिवाय टाकी शून्यावर आणून उतरायची परवानगी कुणालाच नसते. उतरायचं विमानतळ बंद असेल तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याइतकं, तिथं अर्धा तास घिरट्या घालण्याइतकं, आणि वाटेत काही जास्त लागलं तर त्यासाठी थोडं, असं सगळं इंधन घेऊनच निघायला लागतं. हे राखीव इंधनही पेलोडच्याच जागेवर बसतं.

म्हणून रूट प्लॅनिंगवाले लोक ‘पोचतं का’ असं विचारतच नाहीत, ते विचारतात की पोचण्यासाठी खाली काय ठेवून जावं लागेल.

खाली ठेवून जाणं म्हणजे नक्की काय?

याचा नमुना सप्टेंबर २०१९ मध्ये सगळ्यांनी बघितला. दिल्लीहून इस्तंबूलला इंडिगोचं छोटं विमान जायचं, अंतर साधारण ४,५५० किमी, रेंजच्या आत. पण पश्चिमेकडे जाताना वारा समोरून असतो, आणि वारा जोरात असला की इंधन वाढतं. त्या दिवशी माणसं इस्तंबूलला उतरली, बेल्टसमोर उभी राहिली आणि पट्टा रिकामाच फिरत राहिला, कारण बॅगा दिल्लीतच होत्या. एक-दोघांच्या नाही, सगळ्या फ्लाइटच्या. लोक भडकले आणि ते साहजिकच होतं, औषधं बॅगेत असलेल्या माणसाला वाऱ्याचं गणित सांगून काय उपयोग. याच रूटवर जाताना दोहाला इंधन भरायला थांबायची पाळीही यायची. पुढे इंडिगोनं टर्किश एअरलाइन्सकडून मोठी बोइंग ७७७ भाड्यानं घेऊन हा रूट चालवला.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की विमान सरासरी दिवसासाठी निवडून भागत नाही. आपल्याकडून युरोपला जाताना हिवाळ्यात समोरचा वारा जबर असतो, येताना तोच पाठीशी, म्हणून मुंबईहून लंडनला जायला जो वेळ लागतो त्यापेक्षा यायला तास-दीड तास कमी लागतो. एअरलाइन जुन्या वाऱ्यांचा डेटा काढते आणि जानेवारीतल्या वाईट दिवशीसुद्धा सगळ्या सीट्स भरून, सगळ्या बॅगा घेऊन हे विमान पोचेल का ते तपासते. तेवढ्यासाठीच एक्सएलआरमध्ये मागच्या बाजूला १२,९०० लिटरची जादा टाकी बसवलीय, आणि इंडिगोच्या नेहमीच्या ए३२१ मध्ये २३२ पर्यंत सीट्स असतात तिथं एक्सएलआरमध्ये फक्त १९५ ठेवल्यात, १२ पुढच्या मोठ्या आणि १८३ साध्या. सात-आठ तास बसायचं तर पाय लांबवायला जागा लागते हे एक कारण झालं, आणि माणसं कमी केली की वजन कमी होतं हे दुसरं.

मग पुण्याची अडचण नेमकी काय?

धावपट्टी. लोहगावची धावपट्टी २,५३५ मीटर आहे. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या घरात, नवी मुंबईची ३,७०० मीटर. जड विमानाला उडायला जास्त वेग लागतो, तो वेग पकडायला लांबी लागते, आणि मध्येच इंजिनानं दगा दिला तर उरलेल्या पट्टीत थांबताही आलं पाहिजे, म्हणून कायद्यानंच टेकऑफचं वजन कमी धरावं लागतं. त्यात पुणे समुद्रसपाटीपासून जवळपास ५९० मीटर वर. उंचीवर हवा विरळ, उन्हाळ्यात तापून आणखी विरळ, आणि विरळ हवेत पंखांना आणि इंजिनांना दोघांनाही कमी बळ मिळतं. मे महिन्यातल्या दुपारी जे विमान मुंबईहून पूर्ण वजनानं निघेल तेच पुण्याहून काही टन खाली उतरवून निघेल. ते काही टन कशातून काढायचे? इंधन काढलं तर लंडन येत नाही आणि माणसं काढली तर पैसे येत नाहीत, एवढीच साधी कोंडी आहे.

आणि लोहगाव मुळात हवाई दलाचं, तिथं प्रवासी विमानांना किती वेळा आणि कधी उडता येईल हे एकट्या एअरलाइनच्या हातात नाही.

पण म्हणून पुण्याहून युरोपला कुणी गेलंच नाही असं नाही, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं किंवा विसरायला झालंय. लुफ्तान्सानं २००८ मध्ये पुणे-फ्रँकफर्ट सुरू केलं होतं. मोठं जंबो आणायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत, प्रायव्हेटएअर नावाच्या स्विस कंपनीकडून बोइंग ७३७ च्या घराण्यातलं, श्रीमंतांच्या खासगी जेटसाठी बनवलेलं मॉडेल घेतलं, मोजक्याच सीट्स आणि बिझनेस क्लासवर जोर. माणसं कमी म्हणून वजन कमी, वजन कमी म्हणून छोट्या धावपट्टीवरून इंधन घेऊन उडता यायचं. तरीसुद्धा काही काळ वाटेत इंधनासाठी थांबा होताच. गिऱ्हाईक कोण, तर चाकण-पिंपरीच्या जर्मन कंपन्यांचे साहेब, ज्यांचं तिकीट कंपनी काढते. ही जुळवणी मला फार हुशारीची वाटते, विमान आणि गाव एकमेकांच्या मापाचे शिवलेले. पण असं खास विमान चालवणारी कंपनी एकच असली की तिच्यावरच सगळं अवलंबून राहतं. डिसेंबर २०१८ मध्ये प्रायव्हेटएअर दिवाळखोरीत गेली.

मोठं विमान घ्या ना सरळ, प्रश्नच मिटला

धावपट्टी लांब असेल तिथं घेता येतं. मोप्याहून, म्हणजे गोव्याच्या नव्या विमानतळावरून, एअर इंडिया लंडनच्या गॅटविकला बोइंग ७८७ उडवत होतीच. पण पोचलं म्हणजे परवडलं असं नाही.

थोडं गणित करू, आकडे ढोबळ आहेत पण अंदाज येईल. दोन पॅसेजवाल्या मोठ्या विमानाला वाइडबॉडी म्हणतात आणि एक पॅसेजवाल्याला नॅरोबॉडी. ७८७-९ ही वाइडबॉडी, तासाला पाच-साडेपाच टन इंधन पिते. इंडिगोनं नॉर्स अटलांटिककडून भाड्यानं घेतलेल्या ७८७-९ मध्ये ३३८ सीट्स आहेत, सगळ्या भरल्या तर डोक्यामागे तासाला साधारण १६ किलो. ए३२१ च्या जातीचं विमान तासाला अडीच टनांच्या आसपास घेतं, १८० माणसं बसली तर डोक्यामागे १४ किलो. फरक फार नाही असं वाटेल. आता समजा त्या गावाहून त्या दिवशी १८० च माणसं निघाली. छोट्या विमानाचे १४ किलो जिथल्या तिथं आणि मोठ्याचे एकदम २९. वर विमानाचा हप्ता, लँडिंगचे पैसे, क्रू, सगळंच मोठं. म्हणजे मोठं विमान रोज भरतं तिथंच शोभतं, आणि मुंबई-लंडन रोज भरतं म्हणून तिथं दिवसाला कित्येक वाइडबॉडी उडतात. गोवा-गॅटविक तसं नाही. अहमदाबादच्या अपघातानंतर जून २०२५ मध्ये एअर इंडियाला मोठ्या विमानांच्या फेऱ्या कमी कराव्या लागल्या तेव्हा काही काळ पूर्ण बंद ठेवलेल्या मोजक्या रूटमध्ये हा होता. विमानं कमी पडली की ती जिथं जास्त कमावतात तिकडं वळवतात आणि पहिली काट अशा बारीक रूटवर बसते, इंग्लंडमधल्या स्विंडनला राहणाऱ्या गोयंकारांनी कितीही हळहळ केली तरी.

मोठ्या विमानाच्या बाजूनं एक गोष्ट मात्र आहे, ती म्हणजे पोट. वाइडबॉडीच्या खाली बॅगा टाकूनही टनावारी माल जातो. हापूसच्या सीझनला मुंबईहून परदेशी जाणाऱ्या पेट्या, औषधं, मशीनचे तातडीचे पार्ट, हे सगळं प्रवासी विमानाच्या पोटातून जातं आणि काही रूटवर हा कार्गोच नफा-तोट्याचा काटा फिरवतो. छोट्या विमानात लांब पल्ल्याला अशी जागाही कमी आणि वजनही शिल्लक राहत नाही.

मोठ्या विमानाचा मोह किती महागात जातो याचं मुंबईतलंच उदाहरण जेट एअरवेज. त्यांनी २००८ मध्ये मुंबई-शांघाय-सॅन फ्रान्सिस्को चालू केलं, बोइंग ७७७-३००ईआर वर. विमान उत्तमच, पण आत आठ फर्स्ट क्लास सूट वगैरे करून सीट्स ३१२ च ठेवल्या, त्याच विमानात इतर एअरलाइन्स साडेतीनशेच्या वर बसवतात. त्यात जगभर मंदी आली, महागड्या सीट्स रिकाम्या जायला लागल्या, जानेवारी २००९ ला रूट बंद. मग ती विमानं टर्किश, थाय अशा एअरलाइन्सना भाड्यानं दिली.

उलटं उदाहरण सिंगापूर-न्यूअर्कचं, १५,००० किलोमीटरच्या वरचं. सिंगापूर एअरलाइन्सनं २००४ ला ते चार इंजिनांच्या ए३४०-५०० नं सुरू केलं, पुढे नुसत्या १०० बिझनेस सीट्स ठेवून बघितलं, तरी चार इंजिनांची भूक भागेना आणि २०१३ ला बंद केलं. पाच वर्षांनी, २०१८ ला तोच रूट परत आला, दोन इंजिनांच्या ए३५० च्या खास लांब पल्ल्याच्या मॉडेलवर, १६१ सीट्स आणि त्यात इकॉनॉमी एकही नाही. शहरं तीच, प्रवासी तेच, विमान बदललं आणि रूट जगला.

दोनच इंजिनांवर एवढ्या लांब? मध्येच एक बंद पडलं तर?

आईला विमानात बसवताना हा प्रश्न हमखास येतो. दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावर व्यवस्थित उडतं, फक्त हळू आणि खालून. म्हणून नियम असा की रूटवर कुठंही असलात तरी एका इंजिनावर ठरलेल्या मिनिटांत उतरायला विमानतळ सापडला पाहिजे. या परवानगीला ईटॉप्स म्हणतात. पूर्वी ही मर्यादा ६० मिनिटं होती, आता ७८७ ला ३३० मिनिटांपर्यंत आणि ए३५०-९०० ला ३७० पर्यंतची मान्यता मिळालेली आहे. पण ती विमानाच्या मॉडेलला. एअरलाइनला आपली देखभाल आणि ट्रेनिंग दाखवून ती वेगळी मिळवावी लागते, नवी एअरलाइन पहिल्याच दिवशी ३३० मिनिटं मागून मिळत नाही.

आणि उतरायला विमानतळ आहे म्हणजे तिथं सोय आहे असंही नाही. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं ७७७ इंजिनाच्या तक्रारीमुळे रशियातल्या मगदानला उतरलं. सुखरूप उतरलं, पण २१६ प्रवासी आणि १६ क्रू एका आडगावी, झोपायची सोय शाळा-हॉस्टेलसारख्या जागी, आणि न्यायला मुंबईहून दुसरं विमान गेलं. रूट ठरवताना नकाशावर असे आडबाजूचे विमानतळही तपासावे लागतात.

आणि नकाशाच बदलला तर?

२४ एप्रिल २०२५ ला पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या फ्लाइट्सना वळसा पडला, व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनाला थांबे आले, दिल्ली-वॉशिंग्टन तर १ सप्टेंबर २०२५ पासून बंदच झालं. पण मला सगळ्यात बोलकं वाटलं ते इंडिगोचं. त्यांनी दिल्लीहून कझाकस्तानातल्या अल्माटीला जाणारी फ्लाइट बंद केली कारण अल्माटी आता आमच्या विमानांच्या रेंजबाहेर गेलंय म्हणे. दिल्ली-अल्माटी सरळ रेषेत जेमतेम १,६५० किमी, मुंबई-कोलकात्याएवढं! पण मध्ये पाकिस्तान आणि उरलेल्या वाटेवर हिमालय आणि तिबेट, जिथं इंजिन गेल्यावर खाली यायचं म्हटलं तर खाली डोंगरच. उरला तो पश्चिमेनं लांबचा वळसा, आणि तो छोट्या विमानाला झेपेना. मुंबई-अथेन्सला एवढं शिल्लक मार्जिन का ठेवलंय ते इथं कळतं.

मग इंडिगो भाड्याची विमानं का आणतेय?

कारण मोठी विमानं दुकानात मिळत नाहीत. ए३५० इंडिगोनं २०२४ मध्ये ३० सांगितली, पुढे आकडा ६० वर गेला, पण हातात यायला वर्षं लागतात. तोवर रूटची चव बघायची म्हणून नॉर्सची ७८७ पायलटसकट भाड्यानं घेतली आणि जुलै २०२५ ला मुंबई-मँचेस्टर आणि मुंबई-अ‍ॅम्स्टरडॅम सुरू केलं, दोन्ही आठवड्यातून तीनदा. तीनदाच का असं लोक विचारतात. अ‍ॅम्स्टरडॅमला जायला नऊ-दहा तास, तिथं सफाई, इंधन, जेवण भरण्यात दोनेक तास, यायला आठ-नऊ, म्हणजे विमानाचा अख्खा दिवस एका फेरीत जातो. तीन आणि तीन सहा, आठवड्यात एक दिवस दुरुस्तीला आणि उशीर भरून काढायला. हिशोब केला तर दोन शहरं मिळून एका विमानाचं काम. रोजची फ्लाइट हवी असेल तर प्रत्येक शहराला जवळजवळ स्वतंत्र विमान द्यावं लागतं, आणि न्यूयॉर्कसारख्या पंधरा-सोळा तासांच्या रूटला तर एकानं रोजचं होतच नाही, कमीत कमी दोन.

एक्सएलआरचा फायदा इथंच आहे. इंडिगोचे हजारो पायलट ए३२० च्या घराण्यावर शिकलेले, तेच थोड्या ट्रेनिंगनं एक्सएलआर उडवतात, इंजिनिअर तेच, बरेचसे पार्ट तेच, आणि अथेन्स चाललं नाही तर तेच विमान उद्या दुसरीकडं लावता येतं. ७८७ किंवा ए३५० आणलं की पायलटचं लायसन्स वेगळं, पार्टचं गोडाऊन वेगळं, सगळा संसार नव्यानं मांडायचा.

थेट फ्लाइट आली की तिकीट स्वस्त होणार ना?

बहुतेक वेळा नाही. थेट फ्लाइटला लोक वेळ वाचतो म्हणून जास्त पैसे देतात आणि एअरलाइनला ते माहीत असतं. दुबई-दोहामार्गे जाणाऱ्यांचं तिकीट स्वस्त पडतं कारण ते एकाच विमानात दहा गावांची माणसं भरतात. मुंबईहून दोह्यापर्यंत तुमच्या शेजारी बसलेला माणूस पुढं बर्लिनला जाणार असतो, मागचा शिकागोला, त्यामुळे मोठं विमान भरतं आणि सीटचा खर्च खाली येतो. मुंबई-अथेन्समध्ये अथेन्सचीच माणसं, फार तर पुढं ग्रीसच्या बेटांवर जाणारी, आणि पुणे-लंडनमध्ये पुण्याची. धावपट्टी वाढवून उद्या पुण्याहून एक्सएलआर उडालंच, तरी त्यातल्या दोनशेच्या आत सीट्सवर सगळा खर्च वाटायचा असेल आणि तिकीट मुंबईपेक्षा महागच लागेल. कॅबचे पैसे आणि घाटातले चार तास धरले तर परवडेल की नाही हे ज्याचं त्यानं बघायचं, माझ्या ओळखीतले निम्मे लोक तरी तेव्हाही मुंबईहूनच जातील असं मला वाटतं, आणि एअरलाइनच्या हिशोबात नेमकी हीच भीती मांडलेली असते.